मनोव्यथा आणि तिचे चिकित्सक

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संघाच्या चिटणिसांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह अथवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय असावा. हे दोन्ही विकार आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत आणि त्यांवर बोलणारेही पुष्कळ आहेत. आम्ही मात्र ज्याविषयी घरोघरी मौन पाळले जाते तो मनाच्या रोगांचा विषय निवडला आहे. त्यातही रोगांचे वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. ते रोग ज्यांनी बरे करावयाचे त्या निरनिराळ्या चिकित्सकांत भेद कोणता, आणि कोणाकडे केव्हा जावे, एवढाच मर्यादित प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडणार आहो.

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु या तालुक्यात वैद्यकी करीत असता आम्हांस वारंवार असे आढळून येते की, कुटुंबे उपचार करीत नाहीत असे नाही. ती करितात, पैसाही ओततात, परंतु चुकीच्या दाराशी उभी राहतात. आणि मनाच्या कित्येक रोगांत गेलेला काळ हा पैशापेक्षा महाग पडतो.

आपल्या पूर्वजांनी केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या केल्या. वाडीतील केळ पिवळी पडली तर जाणता वाडीकर एकदम कोणताही उपाय करीत नाही. पाणी कमी पडले काय, खत उणे झाले काय, विहिरीचे पाणी खारे झाले काय, की मुळाशी मर रोग शिरला आहे, हे तो आधी पाहतो, आणि ज्याचे काम त्यालाच बोलावितो. पूर्वी रहाट मोडला तर सुताराला निरोप जाई, आज पंप बिघडला तर मिस्त्री येतो. रोगाबद्दल मात्र सुताराला कोणी विचारीत नसे. घरातील माणसाचे मन कोमेजले म्हणजे मात्र हाच जाणता गृहस्थ जो प्रथम भेटेल त्याच्या हाती आपला मुलगा किंवा सून सोपवितो. याचे कारण अज्ञान हे थोडे, आणि लाज हे अधिक.

या लाजेचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. आपला तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या आपल्या बोलण्यात ‘ठाण्याला पाठवावयास हवे’ हा वाक्प्रयोग थट्टेचा आणि अपमानाचा होऊन बसला. त्या काळचा कायदाही या वृत्तीला पोषकच होता. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता, आणि त्याचा रोख रोग्याला बरे करण्यापेक्षा त्याला बंदिस्त ठेवण्याकडे होता. तो कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम आला, तो प्रत्यक्षात १९९३ पासून अमलात आला. आणि त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम येऊन तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. शंभर वर्षांत कायद्याची भाषा ‘वेडा’ या शब्दावरून ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ या शब्दांवर आली. आपल्या ओसरीवरची भाषा मात्र अद्यापि ठाण्याच्या भिंतीपाशीच उभी आहे.

दुसरी एक गोष्ट येथेच सांगावयास हवी. मनोविकारांवरील उपचार म्हणजे केवळ मोठ्या भिंतींचे रुग्णालय, ही समजूत आपल्याच प्रांतात फार पूर्वी खोटी ठरलेली आहे. कलकत्त्यास १९३३ साली गिरींद्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा विभाग काढला आणि १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. म्हणजे ज्या दारातून खोकल्याचा रोगी आत जातो त्याच दारातून मनाचा रोगीही आत जाऊ शकतो, हे आपल्याकडे ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालत आलेले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

पहिला चिकित्सक मनोविकारतज्ज्ञ, ज्याला आपण सायकिॲट्रिस्ट म्हणतो. हा प्रथम डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर त्याने मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. अथवा डी.पी.एम. ही पदव्युत्तर पदवी किंवा पदविका घेतलेली असते आणि त्याचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असते. तो शरीर तपासतो, रक्त तपासण्यास सांगतो, निदान करितो आणि औषध लिहून देतो. येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. गलग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा स्राव कमी झाला असता किंवा ब-१२ जीवनसत्त्व उणे झाले असता मनुष्य उदास, मंद आणि विसराळू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते खिन्नतेच्या रोगासारखेच दिसते. केवळ गप्पांनी हा दोष कळावयाचा नाही. तो रक्तातच सापडावयाचा. म्हणून मनाच्या दुखण्याची पहिली तपासणी शरीर जाणणाऱ्याकडून व्हावी हे उत्तम. स्किझोफ्रेनिया, उन्माद आणि खिन्नता आळीपाळीने येण्याचा विकार, तीव्र खिन्नता, बाळंतपणानंतर येणारा भ्रम, दारू एकाएकी सोडल्यावर होणारा बरळ, या सर्वांत मनोविकारतज्ज्ञावाचून चालत नाही.

दुसरा चिकित्सक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्याला आपण चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणू. हा डॉक्टर नसतो, आणि आपल्या देशात त्याला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. परंतु यावरून तो दुय्यम आहे असे मानणे ही चूक होईल. मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर त्याने प्रत्यक्ष रुग्णांमध्ये, अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली, वेगळे प्रशिक्षण घेतलेले असते. २०१७ च्या अधिनियमाने त्यासाठी दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा उल्लेख केलेला आहे. भारतीय पुनर्वसन परिषद ही संस्था १९९२ च्या कायद्याने निर्माण झाली. तिच्या नोंदवहीत त्याचे नाव असावे लागते. त्याची दोन कामे आहेत. एक मापनाचे: बुद्धी, स्मृती, अवधान आणि व्यक्तिमत्त्व यांच्या शास्त्रोक्त चाचण्या घेणे. दुसरे उपचाराचे: ज्याला मानसोपचार किंवा सायकोथेरपी म्हणतात तो शिस्तबद्ध संवाद. हा संवाद म्हणजे धीर देणे नव्हे. मनुष्य ज्या विचारांच्या चाकोरीत अडकला आहे ती त्याला दाखवून, घरी करावयाचा अभ्यास नेमून, आठवड्यामागून आठवडे त्याची वाट बदलणे असा तो उद्योग आहे. भीतीचे विकार, पुनःपुन्हा हात धुण्यासारखे छंद, आणि सौम्य ते मध्यम खिन्नता यांवर त्याचा गुण पुष्कळ अभ्यासांनी सिद्ध झालेला आहे.

तिसरा चिकित्सक मनोविकार-समाजकार्यकर्ता. या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता उभा राहील. तो हा नव्हे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मनोविकारांच्या क्षेत्रात विशेष प्रशिक्षण घेतलेला हा व्यावसायिक आहे. या विद्येचे पहिले विद्यापीठ म्हणता येईल अशी संस्था मुंबईतच, १९३६ साली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघाली. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले. डॉक्टर रोग्याकडे पाहतो, तर हा कार्यकर्ता रोग्याच्या घराकडे पाहतो. कोणाशी खटके उडतात, औषध कोण देतो, कमाई कोणाची, रोगी बरा होऊन परतल्यावर त्याला कामधंदा कोण देणार, सरकारी सवलती कोणत्या, या प्रश्नांची उत्तरे तो शोधतो. औषधाने बरा झालेला रोगी घरच्या टोमण्यांनी पुन्हा आजारी पडतो. त्याला सावरण्याची विद्या याच्यापाशी असते.

चौथी व्यक्ती मनोविकार-परिचारिका. सामान्य परिचर्येबरोबर मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे शिक्षण तिने घेतलेले असते. रोगी झोपला किती, जेवला किती, औषधाची गोळी गिळली की गालात धरली, बोलण्यात जिवाविषयी काही निर्वाणीचे आले काय, हे चोवीस तास पाहणारे डोळे तिचेच असतात. डॉक्टरचा निर्णय पुष्कळदा तिच्या टिपणावर उभा असतो.

पाचवा समुपदेशक, ज्याला काउन्सेलर म्हणतात. हे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे: शाळेत समुपदेशक, कारखान्यात समुपदेशक, विवाहाचा समुपदेशक. जीवनातील अडचणींत, म्हणजे परीक्षेची भीती, अभ्यासक्रमाची निवड, नवराबायकोतील अबोला, आप्ताच्या मृत्यूचे दुःख, नोकरी जाणे, अशा प्रसंगी चांगला समुपदेशक फार उपयोगी पडतो. तो ऐकतो, गुंता सोडवावयास मदत करितो, निर्णय मात्र आपल्यावर लादत नाही. परंतु या व्यवसायात एक अडचण आहे आणि ती स्पष्ट बोलली पाहिजे. २०१७ च्या अधिनियमाने मानसिक आरोग्य व्यावसायिक कोणास म्हणावे याची व्याख्या केली आहे. तीत वर सांगितलेले चारही येतात. आयुर्वेदातील मानसरोग विषयाचे किंवा होमिओपथीतील मनोविकार विषयाचे पदव्युत्तर पदवीधरही येतात. परंतु नुसता ‘समुपदेशक’ त्यात नाही. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन वर्षानुवर्षे काम केलेली विदुषी आणि काही आठवड्यांचा वर्ग करून पाटी लावणारा गृहस्थ, दोघेही आज स्वतःस समुपदेशक म्हणवितात. २०२१ च्या एका कायद्याने अशा कित्येक व्यवसायांना शिक्षणाच्या आणि नोंदणीच्या चौकटीत आणण्याची तरतूद केली आहे. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, विचारून घेण्याची जबाबदारी आपली आहे.

या पाचांच्या शेजारी आणखी तिघे उभे असतात आणि त्यांच्याशी घोटाळा होतो. मज्जातंतुतज्ज्ञ, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट, हा मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या रोगांचा डॉक्टर. ‘डोक्याचा डॉक्टर’ या एकाच नावाने आपण त्याला आणि मनोविकारतज्ज्ञाला ओळखतो. फेफरे, पक्षाघात, कंपवात हे त्याचे विषय. फेफरे आलेल्या मुलाला कांदा किंवा वहाण हुंगविण्याची रीत अजून चालू आहे. ती सोडून त्याला याच्याकडे न्यावे. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात हे दोन्ही डॉक्टर लागतात. दुसरा मनोविश्लेषक. फ्रॉइडच्या परंपरेत दीर्घकाळ चालणारी ही पद्धती. आपल्या देशात तिची संस्था १९२२ साली कलकत्त्यास निघाली. चित्रपटांत कोचावर पडलेला रोगी दिसतो तो हिच्यामुळे. प्रत्यक्षात असे चिकित्सक थोडे आहेत. तिसरा विशेष शिक्षक. मुलगा हुशार असून त्याला वाचता येत नाही, अक्षरे उलटी लिहितो, अशा वेळी त्याला मारून उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञाने चाचणी घ्यावी आणि विशेष शिक्षकाने शिकवावे. अध्ययन-अक्षमता सिद्ध झाल्यास शालान्त परीक्षेत सवलतीही मिळतात. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते.

बंधुभगिनींनो, ही यादी ऐकून कोणी म्हणेल, इतके दरवाजे असतील तर आम्ही ठोठवावा कोणता? यावर एक सोपा नियम सांगतो. झोप, भूक आणि नित्याचे काम ही तीन बिघडली आहेत काय, आणि रोग्याला भासाचा किंवा भ्रमाचा स्पर्श झाला आहे काय, हे पाहावे. दुःखाला कारण आहे, मनुष्य कामावर जातो, जेवतो, झोपतो, परंतु मन जड आहे, तर समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. दोनतीन आठवडे झोप उडाली, जेवण तुटले, काम सुटले, तर प्रथम डॉक्टर. जे कोणाला ऐकू येत नाही ते त्याला ऐकू येते, शेजारी आपल्यावर डाव रचीत आहेत असे तो म्हणतो, झोपेवाचून चार रात्री काढून तो अखंड बोलतो आणि पैसे उधळतो, तर थेट मनोविकारतज्ज्ञ. आणि जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलून दाखविले तर त्याच दिवशी, त्याच तासाला, त्याला एकटे न सोडता, मदत घ्यावी. ‘असे बोलणारे करीत नाहीत’ ही म्हण खोटी आहे आणि तिने घरे बुडविली आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती निःशुल्क असून रात्रंदिवस चालते, आणि तेथे मराठीतून बोलता येते. तेथेही हाच अधिकारभेद पाळलेला आहे: प्रथम समुपदेशक बोलतो आणि गरज दिसल्यास तज्ज्ञाकडे सोपवितो. हा क्रमांक आपण घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

ज्यांना काहीच उमगत नाही त्यांनी आपल्या कुटुंबवैद्याकडे यावे. तो सर्व रोग बरे करील असे नाही, परंतु चिठ्ठी कोणाच्या नावे लिहावी हे त्याला कळते.

दार चुकले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. ओळखीच्या सर्व खुणा काढून टाकल्या आहेत, तथापि अशी उदाहरणे एकाहून अधिक घरांतील आहेत. एका घरचा एकोणीस वर्षांचा मुलगा महाविद्यालयात जाईनासा झाला. खोलीचे दार लावून बसू लागला आणि लोकलच्या डब्यातील लोक आपल्याविषयीच बोलतात असे म्हणू लागला. घरच्यांनी प्रथम ती वाईट संगत मानली. मग बाहेरची बाधा मानून एक वर्ष देवऋषींच्या दारी घालविले. पुढे कोणी शहाण्याने समुपदेशकाकडे नेले. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी सहा महिने त्या मुलाशी प्रेमाने गोष्टी केल्या, परंतु हा रोग आपल्या अधिकारातला नाही हे त्यांनी ओळखले नाही. दीड वर्षाने तो मनोविकारतज्ज्ञापुढे आला तेव्हा स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधाने भास गेले. आज तो घरच्या दुकानात बसतो. परंतु या रोगात उपचारावाचून जितका काळ जातो तितके परतणे अवघड होते, हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे. त्या मुलाचे शिक्षण जे सुटले ते सुटलेच.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. एका बाईचे यजमान अकाली गेले. तिला रात्री झोप येईना. कोणी झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि पुढे त्या दुकानातून परस्पर येत राहिल्या, वर्षानुवर्षे. तिला गोळीपेक्षा तिचे दुःख ऐकणारा मनुष्य हवा होता. झोपेच्या कित्येक गोळ्यांची सवय जडते; शेवटी ती सवय सोडविणे हाच एक उपचार होऊन बसला. म्हणून केवळ ‘मोठ्या डॉक्टरकडे गेलो’ एवढ्याने समाधान मानू नये. योग्य दार ते मोठे दार असतेच असे नाही.

औषधांविषयी एक गैरसमज येथेच दूर करू. खिन्नतेवरील औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटताच परस्पर बंदही करू नयेत. विजेच्या उपचाराचे नाव काढताच अंगावर काटा येतो. परंतु २०१७ च्या अधिनियमाने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून तो करण्यास बंदी केली आहे. चित्रपटांत पाहिलेले दृश्य आज कायद्याने गुन्हा आहे.

हे सर्व चिकित्सक एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत असा समज होऊ नये. उत्तम उपचार तेथे होतो जेथे ते एका छपराखाली किंवा निदान एका मताने काम करितात. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट आणि श्री. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यास ‘मुक्तांगण’ काढले. तेथे व्यसनी माणसाला औषध, समूहात बोलणे, दिनक्रम आणि कुटुंबाचे शिक्षण हे सर्व मिळते. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णही तेथे कार्यकर्ते होतात. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते तेथे एकत्र बसतात. ज्या ठाण्याच्या नावाने आपण घाबरत आलो, त्याच ठाण्यात मनाच्या आरोग्याची शाळा भरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना कर्जतच्या आश्रमात नेऊन, बरे करून, त्यांच्या घरी पोचविणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात औषधाइतकेच महत्त्व रोग्याचे घर शोधून काढणाऱ्या कार्यकर्त्याला आहे.

अधिकारभेद कायद्यानेही किती गंभीर मानला आहे, हे एका तरतुदीवरून कळेल. रोग्याने स्वतःच्या इच्छेने दाखल व्हावे हा आता नियम आहे. त्याची इच्छा नसता त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला दाखल करावयाचे, तर दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञच असला पाहिजे. सहज कोणाची चिठ्ठी घेऊन, मालमत्तेच्या किंवा सोडचिठ्ठीच्या हेतूने, सुनेला किंवा भावाला ‘वेडे’ ठरविण्याचे दिवस गेले. रोग्याला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात प्राणास मुकले. ती माणसे तेथे कोणी शत्रूने नेली नव्हती. बरे वाटावे म्हणून दर्ग्याच्या छायेत त्यांच्या आप्तांनीच नेऊन ठेविली होती. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये, असेही या अधिनियमाने सांगितले. तेव्हा पोलिसांच्या भयाने अशी घटना लपवू नये. रोग्याविषयीची माहिती गुप्त ठेवणे हे चिकित्सकावर बंधनकारक आहे. आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असेही त्यात लिहिलेले आहे.

श्रद्धेविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. जीवदानीच्या पायऱ्या चढून मनाला शांती वाटत असेल, निर्मळच्या यात्रेत जाऊन धीर येत असेल, तर त्याला आमचा विरोध नाही. औषध घेणाऱ्याने देवाला जाऊ नये असे कोणत्याही शास्त्रात नाही. परंतु जो भगत रोग्याला मारहाण करितो, औषध बंद करावयास सांगतो, कोंबडे आणि पैसे मागतो, त्याच्या दारी जाणे ही श्रद्धा नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर, जे स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते, त्यांनी वर्षानुवर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर, त्याच वर्षी आपल्या राज्यात झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

चिकित्सकाकडे गेल्यावर काय विचारावे? आपण भिडस्त लोक. पेढीवर सोन्याचा कस विचारतो, पण पदवी विचारावयास लाजतो. चार प्रश्न निःसंकोच विचारावे. आपले शिक्षण कोणते आणि नाव कोणत्या नोंदवहीत आहे? आमच्या माणसाला काय झाले आहे असे आपणांस वाटते? उपचार सुमारे किती काळ चालेल आणि खर्च किती येईल? आणि आपल्याकडून गुण न आल्यास आपण कोणाकडे पाठवाल? जो चिकित्सक या शेवटच्या प्रश्नाने रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आपली सीमा ओळखणे हाच या व्यवसायातील खऱ्या अधिकाराचा पुरावा आहे.

आता जे बोलावयाचे ते कटू आहे. २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता असे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. आपले राज्य त्या पाहणीत नव्हते. परंतु आपली ज्ञाती मनुष्यजातीहून निराळी आहे असे मानण्याचे कारण नाही. या सभागृहात बसलेल्या प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक तरी जीव असणार. तो आज येथे आलेला नसेल. त्याला घरी ठेवून आपण आलो असू, आणि कोणी विचारले तर ‘गावाला गेला आहे’ असे सांगितले असेल. ‘मुलीचे लग्न व्हावयाचे आहे’ या एका वाक्यापायी आपल्याकडे भावांचे उपचार थांबतात. वसईच्या डॉक्टरकडे गेल्यास कोणी पाहील म्हणून लोक बोरिवलीस जातात, तेथेही ओळखीचे भेटले म्हणून दादरला जातात, आणि शेवटी प्रवासाच्या दगदगीने जाणे बंद पडते. आमची ज्येष्ठांना विनंती आहे की, सोयरिकीच्या बैठकीत ‘त्यांच्याकडे एक वेडा आहे’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघाले तर त्याला तेथेच थांबवावे. ज्या घराने रोग ओळखून उपचार केला ते घर शहाणे. सोयरीक अशाच घरी करावी. मात्र ज्यांचे लग्न ठरावयाचे आहे त्या दोघांपासून आजार लपविणे हेही तितकेच वाईट. लग्नाने मनोविकार बरा होत नाही, आणि सून ही औषध नव्हे.

संघापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, संघाच्या कार्यालयात विरारपासून नायगावपर्यंतच्या आणि मुंबई-ठाण्याच्या नोंदणीकृत चिकित्सकांची यादी, त्यांच्या पदव्यांसह, ठेवावी. ती कोणालाही नाव न विचारता पाहू द्यावी. दुसरी, संघ दरवर्षी ज्या विद्यार्थीवेतनांचे वाटप करितो त्यांतील एक चिकित्सा-मानसशास्त्र, मनोविकार-समाजकार्य अथवा मनोविकार-परिचर्या शिकणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखून ठेवावे. आपल्यात अभियंते आणि सनदी लेखापाल विपुल झाले. या विद्येकडे वळलेले फार थोडे आहेत, आणि घरच्या बोलीत दुःख सांगता येणे ही रोग्याला मोठी सवलत असते. तिसरी, वर्षातून एकदा, रक्तदान शिबिराबरोबरच, या विषयावर एखाद्या जाणत्या तज्ज्ञास पाचारण करून प्रश्नोत्तरे ठेवावी. प्रश्न चिठ्ठीवर, विनासहीचे, असावे.

या सूचनांना फारसा खर्च येणार नाही. आपल्या संघाने गरीब विद्यार्थ्याला वह्या दिल्या, विधवेला शिवणयंत्र दिले, आजाऱ्याला रक्त दिले. एका प्रकारच्या आजाऱ्याला मात्र आजवर आपण फक्त मौन दिले. त्याला योग्य दार दाखविणे हे आपल्या शक्तीतले काम आहे, आणि ते पुढील संमेलनापर्यंत सुरू झालेले दिसावे अशी आमची इच्छा आहे.